मामूंच्या भट्टीतला पहिला नान

माझी मुलगी मुक्ता कुठल्याही गावाला गेली की देवळं, किल्ले, लेणी नंतर बघते. आधी विचारते, इथली माणसं कुठं खातात? मागच्या वर्षी ती मेक्सिकोत समुद्रकाठच्या कुठल्याशा गावी गेली होती. तिथून तिनं मला मक्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेल्या मासळीचे फोटो पाठवले. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, बनियनवरचा एक घामाघूम माणूस. खाली लिहिलेलं, 'आई, हॉटेलात नुसते टुरिस्ट जातात. गावातली माणसं इथं येतात.' मी उलट काहीच लिहिलं नाही. हा प्रश्न मला सोसत नाही, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

या डिसेंबरात आम्ही दोघी वेरूळ बघून संभाजीनगरला आलो. हे माझं माहेर, पण आता इथं माहेरचं कुणी नाही. बाबा नऊ वर्षांपूर्वी इथंच गेले, मग आईला मी नाशिकला नेलं, आणि तीही तिथं गेली. शनिवार होता. संध्याकाळच्या गाडीची तिकिटं होती. सकाळी लॉजच्या खोलीत चहा पिता पिता मुक्तानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"बघ, गावातली माणसं कुठं खातात त्याची यादी. पहिल्या नंबरावर कोण आहे बघ. तू इथली ना? तुला माहीतच असणार."

फोटोत पिवळेधमक नान एकावर एक रचलेले होते. मागं जमिनीत पुरलेल्या तंदूरचं काळं तोंड. आणि कोपऱ्यात, अर्धवट कापला गेलेला, एक बुटका लाकडी स्टूल. एक पाय नवा, तीन जुने. तो मोडला तेव्हा मी त्याच्यावरच बसलेली होते.

"नाही गं, नवीन दिसतंय काहीतरी," मी म्हणाले. बावन्नाव्या वर्षी मी पोटच्या पोरीशी धडधडीत खोटं बोलले.

मग मी तिला भलतीकडंच फिरवलं. औरंगपुऱ्यात रिक्षातून उतरवून दौलताबादचे पेरू घेऊन दिले, गुलमंडीवर इमरती चारली. "ही खरी इथली," असं छातीठोकपणे सांगितलं. पण इमरतीचा तो गरम तुपाचा वास नाकात गेला आणि माझी सगळी तटबंदी ढासळली. कारण इमरती हे आमच्या घरातलं रविवारचं निमित्त होतं.

बाबा कचेरीत कारकून. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात दाराबाहेर. दर रविवारी पहाटे बाबा सायकल काढायचे. आईला सांगायचे, "जरा इमरती घेऊन येतो." मी पुढच्या दांडीवर बसायची. थंडीत हँडल गार असायचं, बाबांचा मफलर माझ्या कानांवर यायचा, आणि सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत वळलं की आधी बाभळीच्या लाकडाचा धूर यायचा, मग आंबलेल्या पिठाचा वास, मग हळद-गुळाच्या पाण्याचा. तिथं खलीलमामूंची भट्टी होती. मामू जगाचे मामू. बाबांहून दोन-तीन वर्षांनीच लहान, पण बाबाही त्यांना मामूच म्हणायचे, आणि ते बाबांना भाऊसाब.

मामू अर्धे तंदूरच्या आत असायचे. कापडाच्या गादीवर ताणलेला नान घेऊन ते कमरेतून वाकायचे, डोकं खाली जायचं, आतून 'थप' असा आवाज यायचा आणि ते वर यायचे. उजव्या हातावर एक केस शिल्लक नव्हता. भिंतीला चिकटलेला नान दोन लोखंडी सळयांनी काढायचे, त्याच्यावर हळद-गुळाच्या पाण्याचा बोळा फिरवायचे, आणि तो बघता बघता पिवळा चकचकीत व्हायचा. मी तेवढ्यासाठी डोळे फाडून बसायची.

त्या भट्टीचा एक रिवाज होता. सकाळचा पहिला नान विकायचा नाही. तंदूर नीट तापला की नाही ते तो सांगतो. तो भट्टीवाल्याच्या घरचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही मोठं असो, त्याला दुसऱ्यापासून पुढचे. पहिला नान मामू काढायचे आणि दर रविवारी तो बाबांच्या पुढ्यात ठेवायचे. सोबत खलियाची वाटी, मटणाचा पातळ रस्सा, वर लाल तर्रीचा थर. बाबा भिंतीकडं तोंड करून खायचे. कचेरीतल्या साहेबापुढं कधी ताठ न उभा राहिलेला माझा बाप तिथं पाय पसरून बसायचा, मोठ्यानं हसायचा आणि हाड चोखायचा. त्या बाकावर बसलेले बाबा मला घरातल्या बाबांपेक्षा जास्त आवडायचे.

माझी वाटी निराळी. तूप-गुळाची. ती मामूंच्या घरून, मागच्या दारानं यायची आणि तिला खलियाचा डाव कधी लागलेला नसायचा. कुणी गिऱ्हाईक तिच्याजवळ हात नेऊ लागलं की मामू ओरडायचे, "ओ, हात नक्को लगाव! छोटीची हाय ती." स्वतः हात धुऊन मगच वाटीला शिवायचे. आम्ही काय खातो, काय खात नाही याची इतकी काळजी पुढं माझ्या सासरीही कुणी केली नाही.

निघताना बाबा चूळ भरायचे आणि खिशातली बडीशेपेची पुडी सोडायचे. अर्धी माझ्या तळहातावर. मग गुलमंडीवरून इमरती, आणि घर. "घरी सांगायचं नाही हं," असं बाबा मला एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. ही त्यांची चूक.

त्या वर्षी माझ्या धाकट्या आत्याला बघायला परभणीहून पाहुणे आले. मी अकरा वर्षांची. पोहे झाले, चहा झाला, आत्या मान खाली घालून बसली. बोलणं जुळत आलं होतं. मुलाचे मामा हौशी गृहस्थ, त्यांनी मला जवळ ओढलं आणि विचारलं, "काय गं, तुमच्या गावात खायला काय प्रसिद्ध? गावातली माणसं कुठं खातात?"

वर्गात उत्तर येत असलं की हात वर करायचा, ही आमची शिकवण. मी म्हणाले, "नान-खलिया! मामूंच्या भट्टीवर. बाबा दर रविवारी खातात. लाल तर्री असते, आणि बाबा हाड असं चोखतात." आणि चोखून दाखवलं.

मुलाच्या आईनं चहाचा कप, अर्धा भरलेला, जमिनीवर ठेवला आणि बोटानं थोडा दूर सरकवला. तो कप फरशीवर घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आठ दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून.

"हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही," घरी येणारा-जाणारा म्हणायचा. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. रविवार उजाडला. बाबांनी शर्ट घातला. आईनं डब्यातून बडीशेप काढली, कागदात नीट पुडी बांधली, त्यांच्या खिशात घातली. तेव्हा मला कळलं की आईला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. बाबांनी ती पुडी खिशातून काढली, घड्याळाशेजारी फळीवर ठेवली आणि शर्ट काढून पेपर वाचत बसले. "धाकटीचं जमेपर्यंत नको," इतकंच म्हणाले.

आत्याचं लग्न पुढच्याच वर्षी जालन्याला झालं, आणि चांगलं झालं. तिचा काय तो संसार सुखाचा झाला. मोडलं ते दुसरंच.

कारण मधल्या वर्षात गावात गडबड झाली. दोन दिवस दुकानं बंद, रस्त्यावर शुकशुकाट, मग महिनाभर माणसं एकमेकांच्या गल्लीतून जाताना मागं वळून बघायची. सगळं निवळलं तरी बाबा भट्टीवर गेले नाहीत. मला वाटतं, त्यांना जायचं होतं. पण वर्षभर न गेलेल्या माणसाला परत जाताना काहीतरी सांगावं लागतं. काय सांगणार? तुझ्याकडं जेवतो म्हणून माझ्या बहिणीचं लग्न मोडलं? हे मामूंना तोंडावर सांगायचं म्हणजे त्यांच्या ताटालाच नावं ठेवायची. बाबांच्यानं ते झालं नाही. ते गप्प बसले, आणि गप्प बसण्याचा मामूंनी काय अर्थ लावला असेल, ते त्या वर्षी त्या गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. बाबा कचेरीत जाताना लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. निवृत्त होईपर्यंत त्याच रस्त्यानं गेले.

शेवटच्या दुखण्यात बाबांच्या तोंडाची चव गेली होती. मी विचारलं, काही खावंसं वाटतं का? म्हणाले, "नान." भट्टी दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होती. मी नाही गेले. मला धीर झाला नाही. समोरच्या हॉटेलातून मैद्याचा पांढरा, लोणी चोपडलेला नान आणला. त्यांनी एक घास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "छान आहे." बाकीचा तसाच राहिला. याची मला आजही लाज वाटते.

हे सगळं मी मुक्ताला गुलमंडीवर इमरतीच्या दुकानासमोर उभ्या उभ्या सांगितलं. लोक धक्के मारून जात होते. ती बोटांचा पाक चाटायची थांबली होती.

"मग आपण तिथंच जाऊ," ती म्हणाली.

"आणि काय सांगू?"

"हेच."

"वेडी आहेस का? बाबांना जे जमलं नाही ते?"

"आजोबांनी सांगितलं असतं तर ते त्यांच्या तोंडून वाईट दिसलं असतं. तू सांगितलंस तर ती तुझी चूक कबूल करणं आहे, आई. सरळ आहे."

आजकालच्या मुलींना सगळं सरळ दिसतं. पण रिक्षात आधी मीच बसले.

गल्ली अरुंद झाली होती, का मी मोठी झाले होते? डोक्यावर केबलांचं जाळं, दोन्ही बाजूंना मोटरसायकली. धूर मात्र आधी आला. मग पीठ. मग हळद-गूळ. मी थबकले. मुक्तानं कोपर धरलं.

तंदूरवर चाळिशीतला माणूस वाकला होता. तो मामूंचा मुलगा जावेद, मी पाहिला तेव्हा रांगत होता. बाकावर गिऱ्हाइकं. आणि आत, मागच्या दाराशी, त्या तीन जुन्या आणि एका नव्या पायाच्या स्टुलावर, पांढरी टोपी घातलेले मामू. खूप म्हातारे. डोळ्यांवर जाड भिंगं. उजव्या हातावर अजून केस नव्हते.

"क्या होना, बाई?" जावेदनं विचारलं. "नान की खलिया? बसा की."

"मामूंना भेटायचंय."

त्यानं मला आपादमस्तक बघितलं. "अब्बाला दिसत नाय नीट. काय काम?"

मी मामूंच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मामू, मी छोटी. भाऊसाबांची. कचेरीतल्या."

त्यांचा चेहरा हलला नाही. हातातल्या तसबीहीचे मणी थांबले फक्त.

"कोण भाऊसाब?" ते म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. त्यांना माझ्याकडून ते नाव पुन्हा घ्यायला लावायचं होतं.

मी घेतलं. मग सगळं सांगितलं, उभ्यानंच. आत्या, पाहुणे, माझं उत्तर, हाड चोखून दाखवणं, सरकवलेला कप. एकही शब्द मऊ केला नाही. जावेदनं सळया खाली ठेवल्या.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "आमच्याकडं खाल्लं म्हणून लग्न मोडलं?"

"हो."

"आन् हे आता सांगायला आलात तुमी?"

"जावेद, चूप," मामू म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "आत्याचं झालं का मंग?"

"झालं. पुढच्या वर्षी. जालन्याला."

"अच्छा." तसबीहीचा एक मणी पुढं गेला. "आन् तुझ्या अम्मीला मालूम होतं? भाऊसाब इथं खातो म्हणून?"

"होतं. बडीशेपेची पुडी तीच बांधून द्यायची."

मामूंच्या तोंडातून कसलासा आवाज आला. हसू होतं का दुसरं काही, मला कळलं नाही. भिंगांच्या मागचे डोळे ते उगाच पुसत राहिले.

"चाळीस साल," ते म्हणाले. "चाळीस साल मी समजत होतो का तो बी तसलाच निघाला. गडबड झाली, दुसऱ्या लोकांनी यायचं बंद केलं. मला त्यांचं काय वाटलं नाय. पण भाऊसाब! मी त्याला लई वाईट बोललो, बेटा. दुकानात बसून, चार लोकांत. आन् तो गेला तवा खबर आली हुती. ह्यो जावेदच म्हनला, अब्बा, चला. मी नाय गेलो. मी म्हनलो, मी कोण त्याचा?"

मला तेव्हा खरं काय ते कळलं. मी समजत होते, मी बाबांचे रविवार घालवले. मी ह्या माणसाचेही घालवले होते. बाबांना निदान कारण माहीत होतं. मी मामूंचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी माझा खांदा घट्ट पकडून मला वर ढकललं. हाताला अजून जोर होता.

"काहीतरी खायला द्या ना," मुक्ता मागून हळूच म्हणाली. तिला रडू आलं की भूक लागते, लहानपणापासून.

जावेदनं नान उचलला. "नक्को," मामू म्हणाले. "तिला दे पोरीला. हिला नक्को." मी पुढं केलेला हात मागं घेतला. "हिचा पहिला असतो. पहिला सकाळीच निघून गेला. उद्या इतवार हाय. उद्या ये."

"मामू, आमची संध्याकाळची गाडी आहे."

"मंग जा," ते म्हणाले आणि तसबीह ओढू लागले.

आम्ही तिकिटं रद्द केली.

रविवारी सकाळी सहाला थंडी चांगलीच होती. मुक्तानं तिचा मफलर माझ्या कानांवर गुंडाळला. गल्लीत एक सायकल तेवढी गेली, बाकी सामसूम. भट्टी पेटलेली होती, जावेद वाकलेला होता आणि मामू स्टुलावरून उठून बाकावर येऊन बसले होते, भिंतीशी, बाबांच्या जागेशेजारी. "बस," म्हणाले. मी बाबांच्या जागेवर बसले. मुक्ता समोर.

थप. थोड्या वेळानं जावेदनं सळयांनी पहिला नान काढला, बोळा फिरवला आणि कागदावर ठेवून आमच्या मधे आणून ठेवला. काल तो माझ्याकडं रागानं बघत होता. आज बघतच नव्हता. त्याला अजून पटलेलं नव्हतं, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मागच्या दारातून त्याच्या बायकोनं तूप-गुळाची वाटी आणली. निराळी. मामूंनी हात धुतले, मगच ती माझ्यापुढं सरकवली.

मी नानाला हात घातला, तर मामू म्हणाले, "ठहर." त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. गरम होता, बोटं भाजत असणार, पण त्यांना त्याचं काय. मधोमध फाडायला त्यांना वेळ लागला. अर्धा माझ्यापुढं ठेवला, अर्धा स्वतःपुढं.

"पुरा नाय खायचा तुझा बाप," ते म्हणाले. "अर्धा माझा असायचा. तू तवा पिवळ्या रंगाकडं बघत बसायचीस, तुला काय दिसतंय?"

खरंच मला दिसलेलं नव्हतं. इतके रविवार मी तिथं बसले आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"मग नंतर?" मी विचारलं. "बाबा यायचे बंद झाल्यावर?"

"नंतर काय. माझा अर्धा मी खायचो. त्याचा अर्धा उरायचा. घरच्या पोरांना देऊ वाटंना, इकता तर येत नाय." मामूंनी मागच्या दाराकडं हनुवटी केली. "बकरीला घालायचो. दर इतवारला. एक गेली, दुसरी आली. किती बकऱ्या झाल्या. लई लाडावल्या भाऊसाबच्या हिश्श्यावर."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं, आणि ते मी थांबवलं नाही. मुक्तानं मोबाइल काढला होता, तो तिनं फोटो न घेताच पर्समध्ये टाकला. मी घास तुपात बुडवून तोंडात घातला. तोच कडेला किंचित करपलेला, आत मऊ, वर हळद-गुळाचा. माझ्या हातावर कुणीतरी बडीशेप ठेवेल असं उगाच वाटलं.

मागच्या अंगणातून बकरी ओरडली. वेळ झाली होती तिची. थोडं थांबून पुन्हा ओरडली, दोर ताणून, दाराशी येऊन.

मामूंनी घास चावता चावता तिच्याकडं मान वळवली.

"आज नाय," ते तिला म्हणाले. "आज घरचं माणूस आलंय."